राळ्याच्या खिंडीतली बाळंतीण

ऐका गं पोरींनो, ऐका! आधी त्या दाराला कडी घाला. आन् मेणबत्ती मधी ठेवा, कोपऱ्यात नको. लाईट गेली म्हणून एवढं काय हळहळताय? गोष्टीला लाईट लागत न्हाई. गोष्टीला अंधार लागतो आन् खेटून बसायला माणूस लागतं. सरका जरा, मला पाय पसरू द्या. दिवसभर माने सिस्टरनं त्या कापडी बाईची बाळंतपणं करून घेतली तुमच्याकडून. दमलाय, ठाऊक हाय मला. मी इथली स्वयंपाकीण असले तरी खिडकीतनं सगळं बघत असते. ए चष्मेवाली, तू तर आज बाहुलीचं डोकं असं धरलं होतंस, जसा काय नारळच सोलायचाय! हसा, हसा. घटकाभरानं हसताय का बघू.

तर ही गोष्ट वैजंताची. वैजंता शेडगे, चिखलवड्याची आशा. तुमच्यासारखीच ह्याच हॉलमधी, ह्याच सतरंजीवर लोळून ती शिकली. बारा-तेरा वर्षं झाली असतील. अंगानं काडी, पण चालायला लागली की वारा मागं पडायचा. घाबरणं म्हणून तिला ठाऊक न्हाई. पण एक खोड होती. बाळवेडी! लहान पोर दिसलं की हिचं भान सुटलं. पोरगं कुणाचं का असेना, उचलणार, मुका घेणार, "आलं गं माझं सोनं" करणार.

आन् इथंच सिस्टरनं तिला पकडलं. सिस्टरचा तो धडा तुम्हाला उद्या हाय, आजच ऐकून ठेवा. कापडी बाईच्या पोटातनं बाहुली निघाली, की वैजंतानं ती उचललीच. तोंडाकडं बघत बसली. सिस्टर करवादली, "वैजंता, तुझी बाळंतीण मेली!"

"अहो, कशानं?"

"रक्त जाऊन. तू बाळाचं नाक कुणावर गेलंय ते बघत होतीस ना? तेवढ्यात."

मंग सिस्टर सांगायची, "बाळ आलं की सगळं घर बाळाकडं पळतं. तुम्ही पळायचं नाही. बाळ रडलं, पुसलं, आईच्या छातीवर ठेवलं, आणि तुमचा हात कुठं? आईच्या पोटावर! गर्भाची पिशवी घट्ट लागली पाहिजे. मऊ लागली तर चोळा. तिच्याशी बोला, नाडी बघा, खाली किती गेलंय ते बघा. हात हलला की पुन्हा पहिल्यापासून."

वैजंताचा हात किती वेळा हलला असंल? तीन दिवस ती त्याच धड्यात नापास! बाकीच्या पोरी फिदीफिदी हसायच्या. शेवटी सिस्टरनं तिच्याकडून पन्नास वेळा करून घेतलं. आंधळ्यासारखं डोळे मिटून, बाहुलीकडं न बघता. हात पोटावर, हात पोटावर. झोपेतसुद्धा ती उशी चोळायची म्हणे.

आता गावाचं ऐका. चिखलवडं डोंगराच्या पायथ्याला. डोंगराच्या पल्याड कोकऱ्यांचा धनगरवाडा, बारा घरं. तिथं जायला वाटा दोन. एक तळ्याला वळसा घालून जाते. बांधापातुर गाडीवाट, पुढं पायवाट, चालत गेलं तर तीन तास मोडतात. दुसरी सरळ खिंडीतनं, तासाभराची. पण त्या तासाभराच्या वाटेनं दिवस मावळल्यावर कुत्रंसुद्धा जात न्हाई!

का? सांगते. खिंडीच्या पल्याडच्या तोंडाशी एक बाळंतीण जाळली होती. येसू तिचं नाव. चिखलवड्याचीच. बाळंतपणात बाई गेली की तिची अळवंतीण होते, आन् तिचा जीव घराकडं ओढ घेतो. लेकरं असतात ना मागं. मंग माणसं काय करतात? तिला गावापासनं लांब नेऊन जाळतात. उंबऱ्यात खिळे ठोकतात. आन् परत येताना वाटेनं राळे पेरत येतात. राळे ठाऊक न्हाईत? काय पोरी गं तुम्ही! मोहरीएवढं बारीक धान. दाणा न् दाणा वेचल्याबिगर तिला पुढं पाऊल टाकता येत न्हाई. रातभर वेचती, वेचती, खिंडीच्या निम्म्यात येती, तवर कोंबडं आरवतं. दुसऱ्या राती पुन्हा पयल्यापासनं! म्हणून त्या खिंडीला राळ्याची खिंड म्हणतात.

आन् वाटेत माणूस सापडलं, की ती काय करती माहिताय? मारत न्हाई, ओरबाडत न्हाई. बाळ देती! "जरा धर" म्हणती. धरलं आन् बाळाच्या तोंडाकडं बघितलं, की झालं. नजर सुटत न्हाई. बाळ जड होतं, जड होतं, मांडी रुततीया तरी माणूस उठत न्हाई. जंगलखात्याचा एक गार्ड होता, ह्या एवढ्या मिशा. "भूतबित सगळं थोतांड" म्हणत गेला. सकाळी सापडला तवा मांडीवर पाट्याएवढा धोंडा, आन् गडी त्या धोंड्याला थोपटत अंगाई गातोय! महिन्याभरात बदली करून घेतली. जाताना ट्रंकेत धोंडा होता म्हणतात, खरंखोटं देवाला ठाऊक.

हसताय अजून? बरं.

माघाचा महिना. थंडी अशी, की दातावर दात वाजतोय. अंधारी रात. वैजंताचा नवरा ट्रक घेऊन लांब गेलेला, घरात ती आन् म्हातारा सासरा. जेवणं झाली, भांडी घासून पालथी घातली, आन् दारावर धाडधाड थापा! दार उघडलं तर धनगरवाड्याचा धुळा कोकरे. घामानं निथळतोय. एवढ्या थंडीत!

"वैजंताताई, सगुनाला कळा सुटल्या. पानी बी गेलंय."

सगुणा ह्याची बायको. तिसऱ्या खेपेची. तारीख तर अजून दोन आठवडे लांब होती.

"गाडीला फोन केलास?"

"रेंज कुठं हाय वाड्यावर? आता देवळाच्या टेकाडावर चढतो आन् तिथनं लावतो. गाडी तळ्याच्या बांधापातुर येईल. तुमी फुडं व्हा. पर ताई, वळशानं जावा, मी बी वळशानंच पळत आलोय. खिंडीनं नगं."

एवढं बोलून धुळा टेकाडाकडं पळाला. वैजंतानं पिशवी उचलली. हातमोजे, साबण, स्वच्छ कापडं, सिस्टरनं नेमून दिलेल्या गोळ्या, बॅटरी. आन् उंबऱ्यात थांबून तिनं हिशेब केला. तिसरं बाळंतपण. पाणी गेलेलं. तीन तासांचा वळसा! बाळ काय माझी वाट बघत बसणार हाय व्हय? म्हातारा आतनं ओरडला, "सूनबाई, वळशानं जा गं!" ती म्हणली, "व्हय मामा, वळशानंच." आन् वळली ती थेट खिंडीकडं!

अगं बये! मला तर आत्ता सांगतानासुद्धा काटा येतो. हात लावून बघा माझ्या दंडाला.

खिंडीच्या तोंडापातुर काही न्हाई. रातकिडे. पायाखाली खडे. दोन्ही बाजूला करवंदीच्या जाळ्या. वैजंता झपाझप चाललीय. खिंडीत पाऊल टाकलं आन् रातकिडे गप! एकदम गप. असं कसं? ती थांबली न्हाई. चाललीच. आन् मागनं हाक आली.

"वैजंताताईऽऽ"

धुळाचा आवाज. हुबेहूब! आता आपल्यात काय रीत हाय? राती पहिल्या हाकेला ओ द्यायची न्हाई. दुसरीला न्हाई. तिसऱ्यांदा हाक आली तर माणूस, न्हाई आली तर ते. पण सिस्टरनं काय शिकवलं? आशाला हाक आली की पहिल्या हाकेला उठायचं! ती सवय हाडात मुरलेली. तिच्या तोंडातनं निघून गेली, "ओऽ!"

दिली ओ! बसा आता!

मागं वळून बॅटरी मारते तर वाट रिकामी. चिटपाखरू न्हाई. पण हवेला वास आला. ओल्या कापडाचा, रक्ताचा. बाळंतिणीच्या खोलीत येतो तो वास. तुम्हाला अजून ठाऊक न्हाई, पण एकदा नाकात बसला की जन्मभर जात न्हाई. वैजंताला वाटलं, आपल्याच पिशवीतल्या कापडाला येतोय. पुढं चालली.

चालली, चालली, चालली. वाट सरेना. डाव्या अंगाला एक मोडकी करवंदीची जाळी गेली. थोड्या वेळानं तीच मोडकी जाळी उजव्या अंगाला. तिला शंका आली. पिशवीतनं पांढऱ्या पट्टीचा तुकडा काढला, जाळीला बांधला, आन् पुढं गेली. शंभर पावलं झाली असतील नसतील, पुन्हा तीच जाळी. तिच्यावर पट्ट्या किती?

दोन!

एकच बांधली होती गं तिनं! ती पळाली. पळत पळत आली तर पुन्हा जाळी. पाच पट्ट्या! पुन्हा पळाली. जाळी नुसती पांढरीफटक, फांदी न् फांदी पट्टीनं गुंडाळलेली, आन् सगळ्या पट्ट्या ओल्या, लाल! चकवा लागला होता तिला, चकवा.

घाबरलात? ए, ती मेणबत्ती हलवू नका.

पण वैजंता धनगरांच्या शेजारी वाढलेली. चकवा लागला की पळायचं न्हाई, बसायचं, हे तिला ठाऊक. पळेल तो फसेल. मटकन वाटेतच बसली, डोळे मिटले, आन् कान दिले. खिंडीत वारा असतो ना, तो नेहमी पल्याडनं येतो. गालाला गार कुठनं लागतंय ते तिनं बघितलं. डोळे न उघडताच उठली आन् वाऱ्याच्या तोंडाला चालायला लागली. काटे लागले, लुगडं फाटलं, थांबली न्हाई. बऱ्याच वेळानं डोळे उघडले तर जाळी मागं. समोर खिंडीचा मधला टप्पा. आन् तिथं उजेड!

कंदील. कंदील हातात घेऊन एक म्हातारी उभी. कोण? तर धुळाची आई, ठकूबाई! तोच वाकलेला खांदा, तेच कपाळभर गोंदण. म्हातारी हातवारे करून बोलवतीय.

"आली का माझी बाय! अगं, तुझीच वाट बगत हुते. आमी म्हनलं दवाखान्यात न्यावं, म्हनून सगुनाला घिऊन निगालो. तर हितंच झाली गं, धोंड्याआड! पोरगा हाय, पोरगा!"

आता सांगा, तुम्ही काय केलं असतं? वाटेत बाळंतपण होणं आपल्या मुलखात काय नवीन हाय व्हय? ती अळवंतीण असंल असं कुणाच्या मनात येईल? वैजंताच्या मनात न्हाई आलं. तिच्या मनात आलं, उघड्यावर, एवढ्या थंडीत, बाळ गारठलं असंल! धावली ती. कंदील पुढं, ही मागं. म्हातारी तुरुतुरु चाललीय, आन् तिच्या पायाखाली बारीक धान मोडल्यासारखं करकर करकर वाजतंय.

धोंड्याआड घोंगडी पसरलेली. घोंगडीखाली बाई. नुसते केस दिसतायत. आन् म्हातारी वळली, तर तिच्या हातात बाळ! कंदील कुठं ठेवला, बाळ कुठनं घेतलं, काय कळलं न्हाई. फडक्यात गुंडाळलेलं, हात-पाय झाडतंय, ट्यँहां करून रडतंय. असं गोड रडतंय, की ऐकणाऱ्या बाईला पान्हा फुटावा!

"धर. आगं, धर की. तोंड तरी बग. राजावानी हाय!"

वैजंताचे हात पुढं झाले. बाळवेडीच ती! बोटं फडक्याला लागली. आता मान खाली घालायची, बघायचं, की संपलं. मांडीवर धोंडा!

आन् त्याच वख्ताला, पोरींनो, तिच्या कानात सिस्टर करवादली. वैजंता, तुझी बाळंतीण मेली!

तिनं हात मागं घेतले. म्हणली, "रडतंय न्हवं? मंग बाळ बरं हाय. पुसा आन् आईच्या छातीवर ठेवा. मला आधी सगुणाला बघू द्या."

म्हातारीचं तोंड बदललं. "आगं, आधी बाळ बग!"

"न्हाई. आधी ती."

"बाळ बग! पयला पोरगा हाय! मुका घे त्येचा!"

"ठकूमावशी, सरका बाजूला!"

सरका म्हणली! अळवंतिणीला! आन् मंग जे झालं! बाळ मोठ्यानं रडायला लागलं. एका बाळाचे दोन आवाज झाले, दोनाचे दहा, दहाचे शंभर. सगळी खिंड तान्ह्या बाळांच्या रडण्यानं भरली! धोंड्यातनं रडणं, जाळीतनं रडणं, वरनं, खालनं, पाठीमागनं! सगळी म्हणतायत, बघ, माझ्याकडं बघ! वैजंताची मान आपोआप वळाया लागली. कुणीतरी हनुवटी धरून वळवावी तशी. तिनं काय केलं? डोळे गच्च मिटले. गुडघ्यावर बसली. चाचपत घोंगडी बाजूला केली, आन् त्या बाईचं मनगट धरलं.

नाडी बघितली. अर्धा मिनिट. एक मिनिट.

नाडी न्हाई.

न्हाईच! मनगट बर्फासारखं गार. आता तिला उमगलं. सगुणाच्या हातात हिरवा चुडा असायचा, गोठ पाटल्या असायच्या. ह्या हातात कायच न्हाई, नुसती हाडं आन् वर कातडं. पळायला हवं होतं तिनं. ओरडायला हवं होतं. पण हात! पन्नास वेळा डोळे मिटून शिकलेला हात! तो तिला न विचारताच गेला होता आपल्या जागेवर. बाईच्या पोटावर. पोट मऊ. पाणी जास्ती झालेल्या कणकेवानी मऊ.

आन् हात चोळायला लागला. गोल, गोल, गोल. भूत हाय हे कळूनसुद्धा! मी तिला मागनं विचारलं, का गं, तुला भ्या न्हाई वाटलं? म्हणली, "आजी, भ्या वाटत होतं, पण पोट मऊ होतं ना!"

चोळता चोळता तिचं तोंडसुद्धा सुटलं. सिस्टरनं शिकवलेलंच बोलली. "बाई, किती रक्त गेलं गं तुझं? चक्कर येतीया का? कुणी बघितलं न्हाई का तुला?"

रडणं थांबलं. सगळं एकदम. कंदील विझला. म्हातारी न्हाई, बाळ न्हाई, कायच न्हाई. काळा अंधार, आन् त्या अंधारात घोंगडीखालनं बारीक आवाज आला.

"न्हाई. कुनीच न्हाई."

सुटली वाटतं? ऐका, अजून सुटली न्हाई ती!

त्या बाईनं वैजंताचं मनगट धरलं. असं! म्हणली, "हात काडू नगं. आता तू जाऊ नगं." ती पकड कशी, तर विहिरीच्या तळातला गारवा हाडात शिरावा तशी. वैजंताचा हात बधिर व्हायला लागला, मंग खांदा, मंग अर्धं अंग. तिला कळलं, आपण इथंच बसणार. पहाटेपातुर हिचं पोट चोळत बसणार, आन् पहाटं लोकांना आपलं मढं सापडणार. आन् पल्याड सगुणा!

सगुणा आठवली आन् वैजंता कळवळली. रडली चक्क! म्हणली, "बाई, तुझं खरं हाय. तुझं लई वाईट झालं. पर तिकडं कोकऱ्याच्या घरी अजून एक पडलीया. तिलाबी बाळ झालं असंल. तिच्याकडंबी कुणी बघत नसंल. मला धरून ठेवलंस तर आज तुझ्यासारखी दुसरी होईल. तुला पायजे व्हय गं, ह्या खिंडीत दुसरी?"

किती वेळ गेला, तिला ठाऊक न्हाई. मंग एक बोट सुटलं. दुसरं सुटलं. तिसरं. चौथं. अंगठा काय सुटेना! वैजंतानं जीव खाऊन हिसका दिला आन् पळाली! पिशवी छातीशी, चपला तिथंच. मागनं करकर, करकर, राळे मोडल्याचा आवाज. तिच्या मागं, तिच्या बरोबर, तिच्या पुढंसुद्धा! ठेचा लागल्या, नख उपटलं. खिंड संपली, उतार लागला, मेंढरांचा वास आला, कुत्री भुंकली. वाड्याच्या काट्याच्या कुंपणाशी आवाज थांबला. वैजंता म्हणते, आवाज तिथं उभा राहिला. वाट बघत.

आन् वाड्यात काय चाललं होतं? आनंदीआनंद! पोरगा झाला होता, पोरगा. दोन पोरींवर. गडी शेकोटीला बसून भंडारा उधळतायत. खरी ठकूबाई, जिवंत ठकूबाई, बाळाला घेऊन अंगणात सगळ्यांना दाखवतीय, "आज्जावर गेलाय न्हवं?" वैजंताला बघितलं आन् तिच्यापुढं बाळ धरलं.

"धर गं! तोंड तरी बग!"

पोरींनो, तेच शब्द! वैजंता किंचाळली आन् बाळाला बगल देऊन थेट आत घुसली.

"सगुणा कुठाय?"

"दमलीया, झोपलीया. झोपू दे तिला."

कोपऱ्यात घोंगडीखाली सगुणा. एकटी. घोंगडी फेकली, तर खालचं गोणपाट भिजून जमिनीला लागलेलं. ओठ पांढरे. वैजंतानं मनगट धरलं. नाडी बघितली. बोट सरकवून पुन्हा बघितली.

होती! धाग्यासारखी, पळत होती, पण होती! ती मोठ्यानं ओरडली म्हणे, "हाय! नाडी हाय!" वाड्याला वाटलं बाई खुळी झाली.

मंग काय विचारता! हात पोटावर. चोळ, चोळ. "ठकूमावशी, बाळ आणा इकडं, आईच्या अंगाला लावा!" "अगं, तीन दिस अंगावर पाजत न्हाईत..." "आणा म्हणते ना!" बाळ छातीला लागलं. पायाखाली तांदळाचं पोतं दिलं, गोळ्या दिल्या, लघवी करवली. पिशवी मऊ, मऊ, मऊ. चोळ. जरा आवळली. पुन्हा मऊ. चोळ! आन् मंग हाताखाली ती वळली. घट्ट. कठीण चेंडूसारखी. रक्त मंदावलं. गड्यांना शेकोटीवरनं उठवलं, "भंडारा मागनं उधळा, आधी बाज उचला!" चार गडी बाज खांद्यावर घेऊन तळ्याच्या बांधाकडं पळाले. बाजेबरोबर वैजंता पळतीय, अनवाणी, आन् हात? पोटावर! बांधावर धुळा गाडी घेऊन उभा. दवाखान्यात पोचेपातुर तिनं हात काढला न्हाई. डॉक्टरीणबाईनं स्वतः धरून काढला.

सगुणा वाचली. दोन बाटल्या रक्त लागलं, पण वाचली. तो पोरगा आता सातवीत हाय, लई द्वाड हाय.

चार दिवसांनी वैजंता माझ्याकडं आली, मी चिखलवड्याचीच जुनी बाई ना. बाही वर केली. मनगटावर चार बोटांचे वण उमटून गेलेले, पण अंगठ्याचा तसाच, काळानिळा. अजून हाय. म्हणली, "राहीआजी, खिंडीत जाळली ती कोण होती? ती कशी मेली?"

मी तिला सांगितलं. आता तुम्हाला सांगते. लई वर्षं कुणाला सांगितलं न्हवतं.

येसूला तीन पोरींवर पोरगा झाला. सुईण बाळाला घेऊन बाहेर गेली. अंगणात नाचली! सासऱ्यानं तिथल्या तिथं तिला हिरवं लुगडं दिलं, जरीच्या काठाचं. तिनं घडी मोडून अंगाला लावून बघितलं. बायका म्हणाल्या, शोभतंय. कुणी गूळ वाटला. येसू आत "पानी, पानी" म्हणत होती. सुईण म्हणली, "थांब गं, आले." दोनदा म्हणली. मंग आत गेली, तवा घोंगडीखालनं उंबऱ्यापातुर लाल ओघळ आला होता.

मंग राळे कुणी पेरले? त्याच सुईणीनं. तिचा मान असतो तो.

आता नीट ऐका, पुन्हा सांगणार न्हाई. त्या खिंडीनं जायचं न्हाई. वळसा पडू द्या, तीन तास लागू द्या, पाय मोडू द्या, पण बाळंतपणाच्या आधीच वाड्यावरच्या गरोदर बाईला दवाखान्याजवळ आणून ठेवा, म्हणजे रातीचं खिंडीकडं जायची वेळच येणार न्हाई. आन् कुणावर आलीच वेळ, तर बाळ घेऊ नका. तिच्याजवळ बसा. तिला विचारा. तुम्हाला ती सोडंल. वैजंताला सोडलं न्हवं?

मी? मी कशी जाईन गं? दिवसाउजेडी, दहा माणसं संगं असली, तरी मी तिकडं पाऊल टाकत न्हाई. तुम्ही परक्या हाय, तुमच्यापुढं ती बाळ धरून बघंल. मला ती वळखते.